पीकेए ४.७६ ऐवजी साडेअकरा आलं, तर आधी कुठे बघायचं?

प्रश्न थोडक्यात असा: एमएस्सीच्या प्रकल्पासाठी सॅलिसिलिक अ‍ॅसिडच्या काही डेरिव्हेटिव्ह्जचं पाण्यातलं पीकेए (प्रोटॉन किती सहज सुटतो याचं माप; आकडा जितका लहान तितकं ते सहज) गणिताने काढायचं आहे. पद्धत तपासायला आधी साधं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड घेतलं. ऑर्का सॉफ्टवेअर, बीथ्रीएलवायपी फंक्शनल (इलेक्ट्रॉनांची ऊर्जा काढायचं अंदाजी सूत्र), ६-३१जी(डी) बेसिस सेट (इलेक्ट्रॉनांचा पसारा मांडणाऱ्या गणिती फंक्शन्सचा संच), द्रावक म्हणून सीपीसीएम मॉडेलमधलं पाणी, म्हणजे सुट्या रेणूंऐवजी सलग माध्यम. प्रयोगातलं मूल्य ४.७६, गणितातून आलं साडेअकराच्या आसपास. गाइड म्हणतात फंक्शनल बदला. लॅबमधला सीनियर म्हणतो भोवती पाण्याचे रेणू ठेवा. आणखी एक जण म्हणतो हे सगळं सोडून ग्रोमॅक्सकडे, म्हणजे रेणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन करणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, जा. कुणाचं ऐकायचं, आणि पाण्याचे रेणू ठेवायचेच तर किती?

तिघांच्याही सांगण्यात तथ्य आहे. पण तीनपैकी एक उपाय उचलून लगेच नवीन इनपुट लावलंत तर उत्तर बदलेल आणि ते का बदललं हे कळणार नाही. म्हणून आधी चुकीचं माप घेऊ. २५ अंश सेल्सिअसला पीकेएचं एक एकक म्हणजे १.३६ किलोकॅलरी प्रति मोल. तुमची चूक पावणेसात एककांची, म्हणजे साधारण ९ किलोकॅलरी. हे ९ कुठून आले ते शोधायचं, तर पीकेए ज्या आकड्यांमधून तयार होतं ते एकदा समोर मांडावे लागतात.

वायुरूपातल्या अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमधून प्रोटॉन काढायला लागणारी मुक्त ऊर्जा सुमारे ३४१.४ किलोकॅलरी आहे. हा आकडा १ अ‍ॅटमॉस्फिअर दाबाच्या प्रमाण स्थितीतला. १ मोलरच्या स्थितीत आणायला त्यात १.९ मिळवायचे. मग प्रोटॉन पाण्यात शिरतो तेव्हा २६५.९ सुटतात. अ‍ॅसिटेट (प्रोटॉन गेल्यावर उरणारा अ‍ॅनायन, म्हणजे ऋण आयन) पाण्यात शिरतो तेव्हा ७७.६ सुटतात. आणि मूळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड पाण्यातून बाहेर काढायला ६.७ मोजावे लागतात. सगळी बेरीज-वजाबाकी केली की हातात उरतात जेमतेम ६.५. त्याला १.३६४ ने भागा, उत्तर ४.७६. हा मेळ इतका नेमका बसतो याचं कारण अ‍ॅसिटेटचा ७७.६ हा आकडा मुळात याच चक्रातून, प्रयोगातलं पीकेए वापरून काढलेला आहे. एकट्या अ‍ॅनायनची सॉल्व्हेशन ऊर्जा, म्हणजे द्रावकात शिरताना सुटणारी ऊर्जा, प्रयोगशाळेत थेट मोजता येत नाही.

म्हणजे तुम्ही तीनशे-साडेतीनशेच्या घरातले आकडे एकमेकांतून वजा करून सहा-साडेसहाचा फरक मागत आहात, आणि तोही दीड किलोकॅलरीच्या आत अचूक. साडेअकरा आलं म्हणजे गणित मूर्खपणाचं होतं असं अजिबात नाही. पण चूक नेमकी कुठल्या आकड्यात बसली आहे हे न पाहता फंक्शनल बदलत राहिलात तर कधीतरी ४.८ येईलही, आणि पुढच्याच रेणूला ते पुन्हा बिघडेल. तेव्हा तुमचा खरा प्रश्न मी असा मांडेन: या बेरजेतला कुठला आकडा माझं सॉफ्टवेअर नीट काढू शकतं, कुठला काढू शकत नाही, आणि जो नीट येत नाही तो समीकरणातूनच कटेल अशी मांडणी करता येईल का?

पहिला आकडा ३४१. इथे तुमच्या गाइडचं म्हणणं लागू पडतं, पण फंक्शनलपेक्षा बेसिस सेट जास्त दोषी आहे. अ‍ॅनायनमधला जादा इलेक्ट्रॉन केंद्रकांपासून लांबवर पसरलेला असतो. ६-३१जी(डी) मध्ये त्या पसरण्यासाठी डिफ्यूज फंक्शन्सच नाहीत. त्यामुळे अ‍ॅसिटेटची ऊर्जा खोटी वर जाते, अ‍ॅसिड मात्र जवळजवळ ठीक राहतं, आणि प्रोटॉन काढणं आहे त्यापेक्षा कित्येक किलोकॅलरींनी महाग दिसतं. अ‍ॅनायन असलेल्या कुठल्याही कामात किमान ६-३१+जी(डी,पी) घ्या. शेवटच्या सिंगल पॉइंटसाठी (आकार न हलवता फक्त ऊर्जा काढण्यासाठी) ट्रिपल-झीटा दर्जाचा आणि डिफ्यूज असलेला सेट, ऑर्कामध्ये एमए-डेफ२-टीझेडव्हीपी, आणि फंक्शनल ओमेगा-बी९७एक्स-डी किंवा एम०६-२एक्स यांच्यासारखं एखादं. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडएवढ्या रेणूला हे काम साध्या लॅपटॉपवरही होतं. एवढं केलंत की या आकड्यातली मोठी चूक संपते. यापुढे एका फंक्शनलवरून दुसऱ्यावर उड्या मारण्यात वेळ घालवू नका.

दुसरा आकडा प्रोटॉनचा. तो सॉफ्टवेअरमधून काढायचाच नसतो. ज्याच्याकडे एकही इलेक्ट्रॉन नाही त्याची इलेक्ट्रॉनिक ऊर्जा शून्यच येणार. वायुरूप प्रोटॉनची मुक्त ऊर्जा −६.२८ आणि सॉल्व्हेशनची −२६५.९ किलोकॅलरी, ही मूल्यं बाहेरून घालायची. यात दोन सापळे आहेत. जुन्या लेखांत सॉल्व्हेशनचे −२६० च्या आसपासचे आकडेही सापडतात. तो एक आकडा बदलला की पीकेए चार एककांनी हलतं. आणि −२६५.९ हा आकडा वायूतही १ मोलर, द्रावणातही १ मोलर असा आहे. तोच १ अ‍ॅटमॉस्फिअरच्या वायूपासून मोजला की −२६४.० होतो. एका लेखातून हा आणि दुसऱ्या लेखातून तो असं केलंत तर १.९ किलोकॅलरी, म्हणजे जवळजवळ दीड एकक, नुसत्या हिशेबात हरवतं. तुमच्या स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक आकड्याशेजारी त्याची प्रमाण स्थिती लिहून ठेवा. मी माझ्या विद्यार्थ्यांना हा रकाना रिकामा सोडू देत नाही.

काही जण प्रोटॉनऐवजी हायड्रोनियम (पाण्याला प्रोटॉन जोडून झालेला आयन) घेतात, म्हणजे अ‍ॅसिड अधिक पाणी, त्यातून अ‍ॅनायन आणि हायड्रोनियम. मग पाण्याचं ५५.३ मोलर प्रमाणही हिशेबात आणावं लागतं, त्याचे २.४ किलोकॅलरी. शिवाय हायड्रोनियमची सॉल्व्हेशन ऊर्जा काढायची, जी मॉडेलना आणखी अवघड जाते. या वाटेने जाऊ नका.

आता तिसरा आकडा, ७७.६. सगळी कठीण बाजू इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

कंटिन्युअम मॉडेल म्हणजे काय हे तुम्हाला माहीत असेल. रेणूच्या आकाराची एक पोकळी कल्पायची, तिच्या बाहेर सलग डायइलेक्ट्रिक माध्यम धरायचं. रेणूच्या विद्युतभारामुळे माध्यम ध्रुवित होतं आणि ते उलट रेणूवर परिणाम करतं. मॅक्स बॉर्नने १९२० मध्ये गोल आयनासाठी याचं सूत्र दिलं. इटलीत पिसा इथल्या टोमासी आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये रेणूच्या खऱ्या आकाराची पोकळी घेऊन ते क्वांटम गणिताला जोडलं, तेच पीसीएम. क्लाम्ट आणि श्यूरमान यांनी १९९३ मध्ये कॉस्मो आणलं; तुमचं सीपीसीएम त्याच विचाराचं.

या मॉडेलमध्ये द्रावकाची ओळख मुख्यतः डायइलेक्ट्रिक स्थिरांकातून होते. पाण्याचा ७८.४, डीएमएसओ या दुसऱ्या द्रावकाचा ४७ च्या आसपास. दोन्हींत मोठा फरक वाटतो. पण बॉर्नच्या सूत्रात येतो एक वजा एक भागिले हा स्थिरांक, म्हणजे पाण्यासाठी ०.९८७ आणि डीएमएसओसाठी ०.९७९. अ‍ॅसिटेटच्या बाबतीत हा फरक एका किलोकॅलरीहूनही कमी. नुसत्या डायइलेक्ट्रिकच्या नजरेने पाहिलं तर पाणी आणि डीएमएसओ जवळजवळ एकच द्रावक! प्रत्यक्षात अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचं पीकेए पाण्यात ४.७६ आणि डीएमएसओमध्ये १२ च्या वर आहे. सात एककांहून जास्त, म्हणजे १० किलोकॅलरी. प्रोटॉनला तर डीएमएसओ पाण्यापेक्षा अधिकच घट्ट धरतो, त्यामुळे हा सगळा तोटा अ‍ॅसिटेटच्या वाट्याचा आहे. पाणी अ‍ॅसिटेटच्या ऑक्सिजनांना हायड्रोजन बंध देतं, डीएमएसओकडे द्यायला तसा हायड्रोजन नाही. तुमच्या साध्या सीपीसीएमला या बंधाची काहीच खबर नाही. त्यात फक्त विद्युतभाराचा हिशेब आहे, आणि अ‍ॅनायनभोवतीची पोकळी बहुतेक वेळा ढगळ निघते. म्हणून अ‍ॅसिटेट पाण्यात हवा तेवढा स्थिर होत नाही आणि पीकेए वर जातं. तुमच्या साडेअकरामधला उरलेला मोठा वाटा हा आहे.

यावर पहिला सोपा इलाज एसएमडी मॉडेल. मिनेसोटातल्या मारेनिच, क्रॅमर आणि ट्रूलर यांनी ते २००९ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात पोकळी तयार करणं, डिस्पर्शन वगैरेचा वेगळा भाग आहेच. आणि विशेष म्हणजे ऑक्सिजनची त्रिज्या द्रावकाच्या हायड्रोजन बंध देण्याच्या क्षमतेप्रमाणे बदलते. पाण्यात ती १.५२ अँगस्ट्रॉम, डीएमएसओमध्ये सुमारे २.२९. म्हणजे हायड्रोजन बंधाचा परिणाम त्रिज्येतून आत आणला आहे. ऑर्कामध्ये सीपीसीएमच्या ब्लॉकमध्ये एसएमडी चालू करणं एका ओळीचं काम आहे, गॉसियन या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही तसंच. एक लक्षात ठेवा: एसएमडीचे आयनांचे आकडे −२६५.९ हे प्रोटॉनचं मूल्य धरून बसवलेले आहेत, तेव्हा त्याच्यासोबत तेच वापरायचं.

पण एसएमडीकडून किती अपेक्षा करायची? त्याच्या कर्त्यांनीच सांगितलेली सरासरी चूक उदासीन रेणूंसाठी ०.६ ते १ किलोकॅलरी आणि आयनांसाठी साधारण ४ किलोकॅलरी आहे. चार किलोकॅलरी म्हणजे तीन पीकेए एककं. तुम्ही जगातलं सर्वांत महाग फंक्शनल घेतलंत, सगळे हिशेब बरोबर मांडलेत, तरी एकट्या अ‍ॅनायनच्या सॉल्व्हेशनमुळे दोन-तीन एककांची चूक राहू शकते. निरपेक्ष पीकेए काढायचा हट्ट धरला तर ही भिंत आडवी येतेच.

म्हणून माझ्या कामात मी निरपेक्ष पीकेए क्वचितच काढतो. तुमच्या प्रकल्पाला तर त्याची गरजच दिसत नाही. ओळखीच्या अ‍ॅसिडशी तुलना करा. नवीन अ‍ॅसिड अधिक संदर्भ अ‍ॅसिडचा अ‍ॅनायन, त्यातून नवीन अ‍ॅनायन अधिक संदर्भ अ‍ॅसिड, अशी प्रोटॉनची अदलाबदल लिहा. तिची मुक्त ऊर्जा १.३६४ ने भागा आणि संदर्भाच्या प्रयोगातल्या पीकेएमध्ये मिळवा. यात प्रोटॉन समीकरणातून निघून जातो, −२६५.९ चा वाद संपतो, प्रमाण स्थितीची दुरुस्ती दोन्हीकडे सारखी असल्याने कटते. सर्वांत महत्त्वाचं, दोन्ही बाजूंना एकेक कार्बोक्झिलेट असल्यामुळे सॉल्व्हेशनची चूकही बरीचशी कटते. जितका संदर्भ जवळचा, तितकं हे कटणं चांगलं. बेन्झॉइक अ‍ॅसिडच्या डेरिव्हेटिव्हला बेन्झॉइक (४.२०) घ्या, फिनॉलला फिनॉल (१०.०). कार्बोक्झिलिक अ‍ॅसिडसाठी फिनॉलचा संदर्भ घेतलात तर फायदा बराचसा गेला, कारण फिनॉक्साइडमध्ये भार रिंगभर पसरतो आणि कार्बोक्झिलेटमध्ये दोन ऑक्सिजनांवर बसतो.

पद्धत तपासायला आधी क्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड घ्या. त्याचं पीकेए २.८७, अ‍ॅसेटिकपेक्षा १.८९ ने कमी, म्हणजे अदलाबदलीची मुक्त ऊर्जा −२.६ किलोकॅलरीच्या आसपास यायला हवी. हे जमलं की तुमचा इनपुट, स्प्रेडशीट आणि चिन्हं ठीक आहेत असं समजा. हे न जमता पुढे जाऊ नका.

आता सॅलिसिलिककडे येऊ, कारण तुमच्या रेणूंची स्वतःची एक अडचण आहे. बेन्झॉइकचं पीकेए ४.२०; त्यात पॅरा जागी ओएच लावला की ते वाढून साडेचारच्या थोडं वर जातं. ऑर्थो जागी लावला, म्हणजे सॅलिसिलिक, की उतरून २.९७ होतं. कारण शेजारचा ओएच कार्बोक्झिलेटला रेणूच्या आतूनच हायड्रोजन बंध देतो आणि अ‍ॅनायन स्थिर करतो. हा आतला बंध कंटिन्युअम मॉडेल अनेकदा गरजेपेक्षा मजबूत दाखवतं. खऱ्या पाण्यात त्याच कार्बोक्झिलेटच्या ऑक्सिजनांसाठी पाण्याचे रेणू स्पर्धेत असतात. मॉडेलमध्ये ती स्पर्धा नाही, त्यामुळे आतल्या बंधाला मोकळं रान मिळतं. परिणामी बेन्झॉइकच्या संदर्भाने काढलेलं सॅलिसिलिकचं पीकेए खऱ्यापेक्षा खाली जाण्याचा धोका असतो. तुमच्या मालिकेतले सगळे रेणू सॅलिसिलिकचेच असतील तर संदर्भ म्हणून बेन्झॉइक सोडा आणि सॅलिसिलिकच घ्या. आतला बंध दोन्ही बाजूंना येईल आणि त्याची चूकही कटेल. फक्त ओएच दोन्हीकडे एकाच दिशेला वळलेला आहे ना, हे नक्की पाहा.

म्हणूनच कन्फर्मरचा, म्हणजे एकाच रेणूच्या वेगवेगळ्या वळणांच्या आकारांचा, शोध टाळता येत नाही. उदासीन सॅलिसिलिकमध्ये ओएचचा बंध कार्बोनिलच्या ऑक्सिजनकडे असू शकतो किंवा दुसऱ्या ऑक्सिजनकडे, शिवाय कार्बोक्झिलचा स्वतःचा हायड्रोजन दोन बाजूंना वळू शकतो. पडद्यावर जो आकार काढला गेला तोच सर्वांत खालचा असेल याची खात्री नाही. बॉनमधल्या ग्रिमे यांच्या गटाचं एक्सटीबी (झटपट अंदाजी ऊर्जा काढणारं) आणि त्यावर चालणारं, कन्फर्मर शोधणारं क्रेस्ट ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. क्रेस्टला पाण्याचं मॉडेल लावून चालवा, खालचे काही आकार उचला, ते डीएफटीने (फंक्शनल वापरणाऱ्या पद्धतीने) पुन्हा ऑप्टिमाइझ करा, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या आकारापर्यंत आणा. चुकीच्या कन्फर्मरची किंमत दोन-तीन किलोकॅलरी सहज असते, आणि ती कुठलंही फंक्शनल भरून देत नाही.

ऑप्टिमायझेशन वायुरूपात करायचं की द्रावकात, हाही प्रश्न यातच येतो. जुन्या लेखांत वायुरूपात आकार शोधून द्रावकात नुसता सिंगल पॉइंट करतात. कडक, भार नसलेल्या रेणूला ते चालतं. तुमच्या मालिकेत अमिनो गट असलेला रेणू असेल तर मात्र चालणार नाही. साधं ग्लायसिन पाहा: पाण्यात त्याचं झ्विटरआयन रूप (एकाच रेणूत धन आणि ऋण दोन्ही भार) उदासीन रूपापेक्षा सुमारे ७ किलोकॅलरींनी स्थिर आहे, आणि वायुरूपात ते रूप अस्तित्वातच राहत नाही. ऑप्टिमायझेशन सुरू करा, नायट्रोजनवरचा प्रोटॉन उडी मारून ऑक्सिजनवर जातो. जेन्सन आणि गॉर्डन यांनी १९९५ मध्ये दाखवलं की ते टिकायला किमान दोन पाण्याचे रेणू शेजारी लागतात. ५-अमिनोसॅलिसिलिक अ‍ॅसिड, म्हणजे आतड्याच्या दाहावर देतात ते मेसालाझिन, याच जातीचं आहे. त्याचा कार्बोक्झिल गट २ च्या थोड्या वर प्रोटॉन सोडतो आणि अमोनियम ५.५ च्या पुढे. म्हणजे मधल्या पीएचला पाण्यात मुख्यतः झ्विटरआयन असतो. तुम्ही कागदावरचं उदासीन रूप घेऊन ‘पीकेए’ काढलंत तर गणित बरोबर येऊनही ते प्रयोगातल्या कुठल्याच आकड्याशी जुळणार नाही. अशा रेणूसाठी आधी कुठलं रूप कुठल्या रूपात जातं ते कागदावर लिहा, मग सॉफ्टवेअर उघडा. ऑप्टिमायझेशन आणि फ्रीक्वेन्सी दोन्ही द्रावकातच करा.

आता तुमच्या सीनियरचा मुद्दा, पाण्याचे रेणू प्रत्यक्ष ठेवण्याचा. ही पद्धत भक्कम आहे. केली, क्रॅमर आणि ट्रूलर यांनी २००६ मध्ये दाखवलं की भार एकवटलेल्या अ‍ॅनायनशेजारी एकच खरं पाणी ठेवून बाकीचं कंटिन्युअमवर सोपवलं तरी पीकेए बरंच सुधारतं. कारण सर्वांत तीव्र बंध आता क्वांटम गणितात आला, आणि कंटिन्युअमसमोर जो पृष्ठभाग राहिला तो कमी तापट.

पण ‘किती’ याचं ठराविक उत्तर देता येत नाही. कार्बोक्झिलेटला मी एकापासून सुरुवात करतो आणि तीनपर्यंत नेतो. एक पाणी वाढवल्यावर दोन रेणूंमधला फरक बदलायचा थांबला की तिथे थांबायचं. दोन अटी मात्र पाळा. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना पाण्याची संख्या सारखी ठेवा. आणि पाण्याची मांडणी हाताने एकदा करून समाधान मानू नका. पाणी कुठे बसेल हे रेणूचं विद्युतस्थितिक विभव पाहून ठरवता येतं. जिथे ते सर्वांत ऋण, तिथे पाण्याचा हायड्रोजन वळतो. या विभवाच्या रचनेवर पुणे विद्यापीठात डॉ. श्रीधर गद्रे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक वर्षं पायाभूत काम केलं आहे, तुमच्या प्रबंधात त्याचा आधार घेण्यासारखा आहे. आपोआप मांडणी हवी असेल तर क्रेस्टमध्ये पाण्याचे रेणू एकेक करून वाढवायची सोय आहे, आणि ऑर्का ६ मध्ये सॉल्व्हेटर नावाचं साधनही.

पाणी वाढवलं की एक नवी चूक आत येते, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही. सैल बांधलेलं पाणी अगदी मंद डोलतं, त्याच्या फ्रीक्वेन्सी २०, ३०, ५० सेंटिमीटर-व्यस्त अशा येतात. हार्मोनिक सूत्रात एंट्रॉपी या छोट्या आकड्यांवर फार अवलंबून असते. एकच फ्रीक्वेन्सी ५० ऐवजी २० आली तर मुक्त ऊर्जा अर्ध्या किलोकॅलरीहून जास्त हलते, म्हणजे ०.४ पीकेए. तीन पाण्यांच्या क्लस्टरमध्ये अशा कितीतरी फ्रीक्वेन्सी असतात. त्यामुळे पाणी ठेवून सुधारलेली सॉल्व्हेशन एंट्रॉपीच्या गोंगाटात परत हरवू शकते. ऑर्का आपणहून ग्रिमे यांची दुरुस्ती लावतं, जी कमी फ्रीक्वेन्सींना काबूत ठेवते. गॉसियनमध्ये ती आपली आपण लावावी लागते. १०० च्या खालच्या सगळ्या फ्रीक्वेन्सी १०० धरण्याचा सोपा मार्गही चालतो. कुठलाही घ्या, पण सगळ्या रेणूंना एकच.

या सगळ्यामुळे माझं मत असं: तुमच्या प्रकल्पात संदर्भ अ‍ॅसिड वापरून एसएमडी आधी करा, पाणी नंतर, आणि तेही जिथे उत्तर अडेल तिथेच.

ग्रोमॅक्सबद्दल थोडक्यात. साध्या फोर्स फील्डमध्ये (अणूंमधल्या बलांच्या ठरलेल्या सूत्रांत) रासायनिक बंध तुटत नाहीत, तेव्हा पीकेए तिथून सरळ मिळत नाही. त्यासाठी स्थिर-पीएच सिम्युलेशन किंवा क्वांटम आणि फोर्स फील्ड जोडून केलेलं काम लागतं, जे एमएस्सीच्या एका सत्रात बसवणं कठीण. ३० अँगस्ट्रॉमच्या घनाकार पेटीत सुमारे ९०० पाण्याचे रेणू येतात आणि त्यांची रचना, म्हणजे कार्बोक्झिलेटभोवती सरासरी किती पाणी आणि किती अंतरावर, हे मात्र ग्रोमॅक्स उत्तम दाखवतं. क्लस्टरमध्ये किती पाणी ठेवायचं हे ठरवायला त्याचा उपयोग होतो. पाण्याचं मॉडेल जपून निवडा. टीआयपी३पी बायोमोलेक्यूलसाठी रुळलेलं आहे, पण त्यातलं पाणी खऱ्यापेक्षा दुपटीहून जास्त वेगाने पसरतं. रेणू लांब आणि लवचिक असेल, बाजूला सोडियमसारखा आयन चिकटण्याची शक्यता असेल, तर ग्रोमॅक्स टाळू नका. सॅलिसिलिकसारख्या छोट्या, कडक रेणूला ती पहिली पायरी नव्हे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील, त्या मला इथून सांगता येणार नाहीत. तुमच्या मालिकेतल्या निदान आठ-दहा अ‍ॅसिडांची प्रयोगातली पीकेए मूल्यं मिळत असतील तर गणितातली मुक्त ऊर्जा आणि प्रयोगातलं पीकेए यांचा आलेख काढून सरळ रेषा बसवा, आणि नवीन रेणू त्या रेषेवरून वाचा. रेषेचा चढ आदर्शापेक्षा बहुधा कमी येतो, कारण मॉडेल भाराचे परिणाम वाढवून दाखवतं. तो चढ लपवू नका, प्रबंधात लिहा. परीक्षकाला त्यातून तुमच्या मॉडेलची नेमकी मर्यादा दिसेल. अशी मूल्यं दोन-तीनच असतील तर रेषा बसवू नका, एकाच संदर्भावर राहा. आणि प्रयोगातली मूल्यं कुठल्या तापमानाची, किती क्षार असलेल्या द्रावणातली, शुद्ध पाण्यातली की पाणी-इथेनॉलमधली, हे तपासा. इथेनॉल मिसळलं की कार्बोक्झिलिक अ‍ॅसिडचं पीकेए वर सरकतं, आणि मग चांगलं गणितही चुकीचं दिसतं.

अचूकतेबद्दल: संदर्भ अ‍ॅसिड, एसएमडी, डिफ्यूज बेसिस सेट आणि नीट शोधलेले कन्फर्मर एवढं असेल तर एकसारख्या अ‍ॅसिडांच्या मालिकेत अर्ध्या ते एका एककापर्यंतचा फरक मी चांगला मानतो. त्याहून कमी आला तर आनंद आहे, पण ०.१ एककाच्या फरकावरून दोन रेणूंची क्रमवारी लावू नका. ०.१ म्हणजे ०.१४ किलोकॅलरी, तेवढं सांगायची ताकद या पद्धतीत नाही.

कामाचा क्रम मी असा ठेवेन. या आठवड्यात अ‍ॅसेटिक आणि क्लोरोअ‍ॅसेटिक ही जोडी नव्या बेसिस सेटने आणि एसएमडीने पुन्हा चालवा. जुने साडेअकराचे आउटपुट पुसू नका, तुलनेला लागतील. मग बेन्झॉइक, पॅरा-हायड्रॉक्सीबेन्झॉइक आणि सॅलिसिलिक. पॅरा वर आणि ऑर्थो खाली हा क्रम आला, पण सॅलिसिलिक अडीचच्या बरंच खाली गेलं, तर आतल्या बंधाची अडचण तुमच्याही गणितात आहे असं समजा आणि संदर्भ बदला. त्यानंतर मिथाइल, क्लोरो, नायट्रो अशी भार न बदलणारी डेरिव्हेटिव्ह्ज घ्या. अमिनो असलेले रेणू अगदी शेवटी ठेवा आणि त्यांना पहिल्यापासून दोन-तीन पाण्याच्या रेणूंसह चालवा. सॅलिसिलिकचा आकडा आला की कन्फर्मरच्या फाइल आणि फ्रीक्वेन्सींच्या यादीसकट कळवा. नुसत्या पीकेएच्या आकड्यावरून पुढचं सांगता येणार नाही.